पाहुणे गेल्यावर

"अक्का, पाहुणे सगळे गेले म्हणं. मग आमचा तिथं कुणासाठी थांबलाय?"

२०१९ च्या धनत्रयोदशीला, दुपारच्या वेळी, धाकट्या जाऊबाईंचा हा फोन आला. माझे हात चकलीच्या पिठात होते, कढईतलं तेल तापत आलं होतं, फोन कसाबसा खांद्यानं कानाला दाबून धरलेला. बाहेर पाऊस. दिवाळीच्या तोंडावर बेळगावात पाऊस येणं नवं नाही. परतीच्या पावसाची एखादी सर विजा-गडगडाट घेऊन येते, तासाभरात मोकळं होतं. हा तसा नव्हता. गडगडाट नाही, उघडीप नाही, नुसता वाऱ्यावर धरलेला पाऊस, आणि तो दक्षिणेकडून येत होता. पावसाळाभर आम्ही पश्चिमेच्या खिडक्या लावून घेतो. दक्षिणेच्या सोप्यात शिंतोडाही येत नाही, म्हणून तिथं पणत्या, रांगोळीचे डबे, कंदिलाचे कागद ठेवलेले असतात. त्या दिवशी ते सगळं भिजलं. गल्लीतल्या पोरांनी किल्ला केला होता, त्याच्यावर ताडपत्री घातली होती, आणि ताडपत्रीखालून तांबडं पाणी गटारीपर्यंत वाहत होतं. जाऊबाईंना मी धीराचं चार शब्द बोलले, हॉटेल पक्कं बांधलेलं असतं, वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, असं काहीबाही. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. मला मात्र त्यांचा प्रश्न फोन ठेवल्यावरही सोडून गेला नाही. आज इतक्या वर्षांनीही गेलेला नाही.

जाऊबाई खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडच्या एका गावात राहतात. थोडं भाताचं रान, दोन म्हशी. त्यांचा थोरला तेव्हा गोव्यात, कळंगुटला समुद्राकाठच्या एका हॉटेलात खोल्या आवरायच्या कामाला होता. चादरी बदलायच्या, न्हाणीघर घासायचं, पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, पाहुण्यांनी आणलेली वाळू झाडून काढायची. हंगाम नुकता उघडत होता. दिवाळीची बुकिंगं होती, आणि वादळाची बातमी आल्यावर ती पटापट रद्द झाली. जे येऊन राहिले होते त्यांनी दोन दिवस खिडकीतून समुद्र बघितला आणि गाड्या काढून निघून गेले. मॅनेजरनं पोरांना सांगितलं, तुम्ही थांबा, आवराआवर आहे. समुद्राकडच्या छत्र्या, खाटा, प्लास्टिकच्या खुर्च्या आत घ्यायच्या होत्या, काचांना फळ्या लावायच्या होत्या, वाळूची पोती भरून तळमजल्याच्या दारात रचायची होती.

त्या वादळाचं नाव 'क्यार'. २४ ऑक्टोबरला समुद्रात हवेचा दाब खोल गेला, २५ ला त्याचं चक्रीवादळ झालं, आणि सुरुवातीला ते चक्क किनाऱ्याच्या दिशेनंच सरकत होतं. रत्नागिरीपासून दोनेकशे किलोमीटरवर आलं आणि मग पश्चिमेला, ओमानच्या बाजूला वळलं. २७ ला, ऐन नरकचतुर्दशीला, त्याचं महाचक्रीवादळ झालं. २००७ च्या 'गोनू'नंतर अरबी समुद्रात एवढं मोठं काही उठलं नव्हतं. पण धनत्रयोदशीच्या दुपारी हे पुढचं कुणाला ठाऊक? तेव्हा एवढंच दिसत होतं की 'नू-शी नलिनी' नावाचं, नाफ्था म्हणजे चटकन पेट घेणारं तेल भरलेलं जहाज मुरगाव बंदरातून वाहत येऊन आदल्या दिवशी दोनापावलाला, राजभवनाच्या खालच्या खडकात रुतलंय, त्यावर माणूस नाही, आणि टीव्हीवाले ते पुन्हा पुन्हा दाखवतायत. जाऊबाईंनी ते बघितलं होतं. एवढं थोरलं जहाज जिथं थांबवता येत नाही तिथं आपलं पोरगं काय करूलालंय, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

बेळगाव समुद्राचं गाव नाही. अडीच हजार फुटांवर, सह्याद्रीच्या मागं बसलेलं. तरीही समुद्र आम्हाला परका कधी वाटला नाही, कारण गोवा आहे. चोर्ल्याचा घाट उतरला की साखळी, डिचोली, म्हापसा. आमच्या मार्केट यार्डातली भाजी रात्री घाट उतरते आणि सकाळी पणजीच्या बाजारात असते. तिकडून बांगडा-सुरमई वर येते. शनिवार-रविवार जोडून सुटी आली की अर्धं बेळगाव खाली. लग्न ठरलेली जोडपी, कॉलेजातली पोरं, म्हातारे आई-वडील मंगेशीला नेणारी कुटुंबं. आणि यांच्याशिवाय आणखी एक वाहतूक आहे, जिचे फोटो कुणी काढत नाही. खानापूर, चंदगड, हुक्केरी, गोकाक भागातली पोरं बारावी झाली किंवा राहिली की एक बॅग घेऊन एसटीत बसतात. कुणी शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या झापाच्या खानावळीत वाढपी, कुणी हॉटेलच्या भटारखान्यात कांदा चिरायला, कुणी बांधकामावर. मराठी बोलणारी, कानडी बोलणारी, दोन्ही बोलणारी. सीमेच्या प्रश्नावरून आमच्याकडे मोर्चे निघतात, काळा दिन पाळला जातो, ते माझ्याही मनाच्या जवळचं आहे. पण कळंगुटला हॉटेलच्या पोरांना राहायला दिलेल्या पत्र्याच्या खोलीत बैलहोंगलचा मुलगा आणि जांबोटीचा मुलगा एकाच स्टोव्हवर भात शिजवतात, आणि खालच्या लोकांच्या लेखी दोघेही घाटीच.

वादळाच्या दिवसांत मी रेडिओ लावून बसले होते. आमच्याकडे धारवाड लागतं, सांगली लागतं, पणजीही लागतं. धारवाडवरून कर्नाटकच्या किनाऱ्याचं सांगत होते: कारवार, उडुपी, मंगळूर, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. सांगलीवरून सिंधुदुर्ग, रत्नागिरी. पणजीवरून उत्तर गोवा, दक्षिण गोवा, बंदरावर धोक्याचा बावटा, पर्यटकांनी पाण्यात उतरू नये. सगळं नीट, वेळेवर, हवामान खात्यानं काही कमी ठेवलं नव्हतं. पण ऐकता ऐकता माझ्या लक्षात येत गेलं की या सूचना मच्छीमाराला आहेत, पर्यटकाला आहेत, किनाऱ्यावर घर असलेल्या रहिवाशाला आहेत. ज्याचं घर दोनशे गावांपलीकडे घाटावर आहे, जो नावेत बसत नाही, ज्यानं खोली भाड्यानं घेतलेली नाही आणि तरीही जो समुद्रापासून शंभर पावलांवर झोपतो, त्याला उद्देशून त्यात एक वाक्य नव्हतं. त्याला इशारा ऐकू येत होता. जायची मुभा मात्र इशाऱ्याबरोबर येत नाही, ती मालकाकडून यावी लागते.

रात्री उशिरा पोराचा फोन लागला. घाबरलेला नव्हता, उलट आवाजात एक तरतरी होती. "काकी, समुद्र असा कधी बघितला नव्हता. किनाराच दिसत नाही, आमच्या पायरीपर्यंत फेस येऊलालाय." गावात चतुर्दशीला जाळायचे नरकासुराचे पुतळे करून ठेवलेत, त्यांच्या अंगावर प्लास्टिक गुंडाळलंय, एकाचं डोकं वाऱ्यानं उडून रस्त्यावर आलं, हे तो हसत सांगत होता. मग थोडं थांबून म्हणाला, आज मॅनेजरनं आम्हाला वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोल्यांत झोपायला सांगितलंय, आमच्या खोल्यांचे पत्रे हलूलालेत. माझा जीव भांड्यात पडला. त्या मॅनेजरबद्दल मी मनात जे काय बोलले होते ते निम्मं परत घेतलं. एवढ्या दिवसांत रोज ज्या गादीवर त्यानं चादर ताणून घातली, तिच्यावर पोरगं पहिल्यांदा झोपणार होतं.

तो झोपला जमिनीवर. पलंगाशेजारी, स्वतःची चटई घालून. हे त्यानं नंतर गावी आल्यावर सांगितलं, तेही सहज, दुसरंच काही सांगताना. गादीवर झोपलो असतो तर सकाळी चादर मलाच बदलायला लागली असती की, म्हणाला. सगळे हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. त्या चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या, भाकरी उलटली, आणि पुन्हा उलटली.

त्या वादळाचा खरा फटका आमच्या घराला बसला तो कळंगुटला नाही, जांबोटीला. ऑगस्टच्या महापुरानं आधीच कंबरडं मोडलं होतं. मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा, सगळ्या नद्यांनी काठ सोडले होते, बेळगाव शहरातही घरांत पाणी शिरलं होतं. त्यातून जे भात उभं राहिलं ते ऑक्टोबरात पिवळं झालं, सुगी दारात आली, आणि क्यारच्या पावसानं ते आडवं पाडलं. पाण्यात लोळलेल्या लोंब्यांना दोन-चार दिवसांत मोड येतात. पाडव्यानंतर मी गावी गेले तेव्हा बांधावरून चालताना तो वास आला, ओल्या पेंढ्याचा, आंबूस, तळाशी थोडा गोडसर. दीर वाफ्यात उभे राहून एकेक लोंबी हातात घेऊन बघत होते, दाणा दाबून बघत होते. वादळ ओमानच्या दिशेनं गेलं, गोवा वाचला, असं पेपरात छापून आलं होतं, आणि ते खरंच होतं. पण समुद्रातल्या त्या चक्राचा परीघ केवढा असतो हे नकाशावर कळत नाही, वाफ्यात उभं राहिल्यावर कळतं. ज्या वादळानं वरचं शेत खाल्लं त्याच वादळात खाली मुलगा हॉटेलच्या खुर्च्या वाचवत होता. त्याचा पगार आला नसता तर त्या वर्षी पुढचं बियाणं कुठून आणलं असतं? तेव्हा त्यानं सगळं टाकून घाट चढून यावं असं मी तरी कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

हेच ते मला सुटत नाही.

लहानपणी आम्हाला वादळ म्हणजे वळीव. एप्रिल-मेच्या दुपारी ढग जमायचे, गारा पडायच्या, आंब्याच्या झाडाखाली पोरांची पळापळ. समुद्रातली चक्रीवादळं ही पूर्व किनाऱ्याची गोष्ट होती, आंध्र, ओरिसा. अरबी समुद्रात ती कमी होत आणि झाली तरी बहुतेक अरबस्तानाकडे निघून जात. वादळाला ऊब लागते. पाण्याचं तापमान साडेसव्वीस अंशांच्या वर हवं. ती ऊब पावसाळ्याच्या आधी आणि नंतर असते. पावसाळ्यात पाणी पुरेसं उबदार असलं तरी खालचा वारा पश्चिमेचा आणि उंचावरचा पूर्वेचा, त्या ओढाताणीत वादळ उभंच राहू शकत नाही. अलीकडे आपला समुद्र आणखी तापू लागलाय. २०१९ साली अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली: वायू, हिका, क्यार, महा, पवन. १९०२ नंतर एका वर्षात एवढी झाली नव्हती. क्यार अजून विरलेलं नसताना मागून महा आलं. पुढच्या जूनमध्ये 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. हे आकडे मी पाठ करत नाही, ते जाऊबाईंमुळे पाठ झाले. समुद्रात काही उठलं की त्यांचा फोन येतो, आणि मी आधीच बघून ठेवलेलं असतं.

२०२१ च्या मेमध्ये 'तौक्ते' आलं तेव्हा पोरगं गावी होतं. टाळेबंदी होती, हॉटेल बंद. ते वादळ १६ मेला गोव्याच्या समोरून गेलं, तिकडं शेकड्यांनी झाडं पडली, अनेक भागांत वीज गेली, आणि आमच्याकडे चोर्ल्याच्या बाजूची झाडं रस्त्यावर आली. आम्ही सगळे एका छपराखाली होतो. साथीचे दिवस वाईट होते, रोज कुणाचं तरी ऐकू येत होतं, तरी त्या रात्रीपुरतं मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मुंबईजवळच्या समुद्रात, तेलविहिरींच्या भागात, पी-३०५ नावाचा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. नौदलानं खवळलेल्या समुद्रातून बहुतेकांना उचललं, सत्तरहून अधिक गेली. वादळाचा इशारा काही दिवस आधीपासून होता. टीव्हीवर वाचलेल्यांना ब्लँकेटात गुंडाळून गोदीवर उतरवत होते. पोरगं टीव्हीसमोर उकिडवं बसलं होतं. ते म्हणालं, "तिथं पण आवराआवरच चालली असणार." दुसरं काही बोललं नाही.

मग २०२३ चा ऑक्टोबर. मेक्सिकोचं अकापुल्को हे शहर मी तोवर फक्त नावानं ओळखत होते. उंच हॉटेलांची रांग, अर्धवर्तुळ खाडी, पाण्यात नौका. 'ओटिस' नावाचं वादळ दिवस उजाडला तेव्हा साधंच होतं, आणि चोवीस तासांच्या आत ते सगळ्यांत वरच्या, पाचव्या श्रेणीत जाऊन २५ तारखेच्या मध्यरात्रीनंतर शहरावर आदळलं. वारा ताशी २५० किलोमीटरांहून जास्त. ते एवढं वाढेल हे कुणाच्याच अंदाजात नव्हतं. सकाळी फोटो आले तर हॉटेलांच्या दर्शनी भिंती सोलून निघाल्या होत्या, आतल्या खोल्या, पलंग, लोंबणारे पडदे सरळ समुद्राला दिसत होते. मी ते पलंग बघत राहिले. पन्नासहून अधिक माणसं गेली, आणि मेलेल्यांत नौकांवरचे खलाशी होते. मालकांच्या महागड्या नौका सांभाळायला, वाऱ्यात त्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून ते रात्रभर त्यांवरच थांबले होते. हे वाचलं आणि मला जाऊबाईंचा प्रश्न जसाच्या तसा ऐकू आला. त्या भाषेतही कुणीतरी आई तो विचारत असेल. कुणासाठी थांबलाय?

याला साधं उत्तर आहे असं मी म्हणत नाही. कुणीतरी थांबावं लागतं हे खरंच आहे. वीज मंडळाचा वायरमन थांबतो, नर्स थांबते, आणि त्यांच्या थांबण्याला आपण मान देतो, कधीमधी बातमी होते. हॉटेलातल्या पोराचं थांबणं त्यात बसत नाही, कारण तो माणसं वाचवायला थांबलेला नसतो, खुर्च्या वाचवायला थांबलेला असतो. खुर्च्यांनाही किंमत असते, मान्य. हंगाम बुडाला तर पगार बुडतो. पण पाहुण्याच्या जिवाची जोखीम आणि खुर्चीची जोखीम यांच्यामधे कुठंतरी त्या पोराच्या जिवाची जोखीम धरायला हवी, आणि ती कोण धरतं हे मला आजवर दिसलेलं नाही. पाहुणा येतो तेव्हा त्याचं ओळखपत्र घेतात, नाव-पत्ता-फोन रजिस्टरात उतरवतात. हंगामापुरत्या ठेवलेल्या पोरांची नावं मुकादमाच्या डोक्यात असतात. एखाद्या रात्री काही झालं तर कोण होतं, किती होते, हे सांगायला कागद नसतो. गावातल्या घरचा फोन तर दूरच.

पोरगं आता दुसऱ्या हॉटेलात आहे, त्याच किनाऱ्यावर, आणि त्याच्या हाताखाली पंधरा-वीस जण आहेत. गेल्या गणपतीला आलं तेव्हा मी त्याला हे सगळं बोलून दाखवलं, जरा तावातावानंच. त्यानं ऐकून घेतलं, मग बॅगेतून एक लांबोडकी वही काढली. हॉटेलनं सांगितलेली नव्हे, त्याची स्वतःची. प्रत्येक पोराचं नाव, गाव, घरचा फोन, रक्तगट, आणि शेवटच्या रकान्यात पोहता येतं का. विहिरीत पोहणारे बरेच, समुद्रात पोहलेले दोन-तीनच. काही जणांच्या घरचा फोन शेजाऱ्याचा होता, तेही त्यानं नीट लिहिलं होतं. वादळाचा नारिंगी इशारा आला की पत्र्याच्या खोल्या रिकाम्या करायच्या, हे त्यानं मालकाकडून कबूल करून घेतलंय, मे महिन्यात एकदा तसं झालंही. "आणि तू?" जाऊबाईंनी विचारलं. "मी थांबणार आई. कुणाला तरी थांबायलाच लागतंय की." त्या उठून आत गेल्या.

मी वही परत दिली आणि म्हटलं, एक रकाना वाढव. थांबतोस का, हे ह्याला कुणी विचारलं होतं का, आणि तो काय म्हणाला. पोरगं डोकं खाजवत म्हणालं, काकी, असं लिहिलं तर कोणच थांबायचं नाही, आणि मालक माझ्यावर येणार. मी म्हटलं, जे थांबतील त्यांना त्या दिवसाचा दुप्पट पगार मागून बघ, आणि जे जातील त्यांची नोकरी राहील एवढं लिहून घे. बराच वेळ आमचं चाललं. दीरही पडले मधे, माझ्याच बाजूनं. शेवटी नोव्हेंबरात मालक हंगामाचा हिशेब करायला बसतात तेव्हा विषय काढतो असं त्यानं कबूल केलं, आणि एकट्यानं न काढता बैलहोंगलच्या त्या जुन्या सोबत्याला घेऊन काढतो, असंही. मी त्याला तो अर्ज मराठीत लिहून दिलाय. इंग्रजीत करायला माझ्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनीकडे पाठवलाय.